कपाटातलं श्रवणयंत्र

माझं अक्षर चांगलं आहे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात या अक्षराचा मोठा हात आहे. रोहण्याच्या शाळेत होतो तेव्हापासून फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच उठवायचे. पुढं मीही गुरुजी झालो, मग परीक्षा देऊन शिक्षण विस्तार अधिकारी झालो आणि शाळांच्या शेरेबुकात लाल शाईनं शेरे लिहू लागलो. शेरेबुक म्हणजे प्रत्येक शाळेत असते ती जाड वही. भेटीला आलेला अधिकारी काय पाहिलं ते तिच्यात लिहून जातो. आम्ही दहा मिनिटांत लिहायचो आणि शाळेतले गुरुजी ते वर्षभर वाचत बसायचे. माझा शेरा आला की गुरुजींना दोन दिवस जेवण जात नाही, असं तालुक्यात बोललं जायचं. हे कानावर आलं की मला बरं वाटायचं. आज तोंड लपवावंसं वाटतं, पण तेव्हा बरं वाटायचं हे खरं आहे.

तालुक्याचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. वर्धा जिल्ह्यातलं, कापूस-तुरीचं, चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा असलेलं गाव, एवढं पुरे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाळांमध्ये एकामागून एक योजना येत होत्या. कधी तक्ते, कधी विज्ञानाच्या पेट्या, कधी खेळणी. प्रत्येक योजनेचा निधी वेगळा, नोंदवही वेगळी आणि तपासायला येणारी माणसंही वेगळी. त्यातलीच एक योजना होती अपंग मुलांना गावच्याच साध्या शाळेत, इतर पोरांच्या मांडीला मांडी लावून शिकवायची. चांगली योजना होती, त्यात काही खोट नव्हती. मुलांना शिकवायला तालुक्यासाठी एक फिरता विशेष शिक्षक मंजूर होता, पण मी होतो तोवर ते पद कधी भरलं नाही. देखरेखीचं काम मात्र कोणाकडे तरी द्यावंच लागतं. ते माझ्याकडे आलं.

तर त्या गावात एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची, पहिलीत. जन्मापासून कमी ऐकू यायचं, म्हणून बोलणंही फुटलं नव्हतं. वडील चार एकर शेती करायचे, आई शेतातून आली की उरलेल्या वेळात हातशिलाई करायची. वर्ध्याच्या शिबिरात मुलीची तपासणी झाली, कानात बसवायच्या साच्याचं माप घेतलं गेलं, आणि दीड-दोन महिन्यांनी यंत्र घ्यायला पुन्हा बोलावलं तेव्हा मीच त्या मायलेकींना घेऊन गेलो. शाळेचे मुख्याध्यापकही होते. आता कानामागं बसणारी नाजूक यंत्रं मिळतात, तशी ती नव्हती. काडीपेटीपेक्षा जरा मोठी डबी छातीवर खिशात ठेवायची, तिच्यातून एक वायर कानापर्यंत जायची. ऐकणारा भाग त्या डबीत असायचा. म्हणजे मूल छातीनं ऐकतं म्हणा ना.

शिबिरात डॉक्टरांनी मागून टाळी वाजवली. मुलगी वळली. तिची आई रडायला लागली आणि आम्ही दोघं पुरुष उगाच छताकडे पाहू लागलो. परतताना एसटीत ती माझ्या शेजारी खिडकीशी बसली होती. तिच्या हातात तिकीट होतं. खेळता खेळता तिनं ते छातीशी धरून फाडलं आणि दचकली. डबीजवळ फाडल्यामुळं तो आवाज तिला केवढा तरी ऐकू आला असणार. मग ती हसली. उरलेला तुकडा पुन्हा छातीशी धरून फाडला, पुन्हा हसली. आईचं तिकीट फाडून झालं, गुरुजींचं झालं. शेवटी मी माझं दिलं. मध्येच तिकीट तपासनीस चढला असता तर चौघांनाही खाली उतरवलं असतं. माझ्या सबंध नोकरीत मी कोणाला काही दिल्याचं इतकं स्पष्ट आठवत नाही.

आईनं दुसऱ्याच दिवशी शाळेच्या पांढऱ्या शर्टावर छातीच्या बरोबर मधोमध एक खिसा शिवला. वर झाकण, झाकणाला टिचबटण, वायरसाठी कोपऱ्यात बारीक भोक. शिंप्याला जमणार नाही इतका नेटका.

तीन महिन्यांनी मी शाळाभेटीला गेलो तो दिवस मला विसरता येत नाही, आणि त्यात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काहीच नाही. एप्रिलचं ऊन होतं. वाटेत गाडी पंक्चर झाली होती, मैलभर ढकलत आणली होती. आदल्या दिवशी एका बैठकीत साहित्याच्या नोंदींवरून साहेबांनी सगळ्यांसमोर मला झापलं होतं. मी शाळेत पाय ठेवला तेव्हाच कोणाचा तरी नंबर लागायचा होता. यंत्र पाहू म्हणालो. मुलीच्या खिशात डबी होती, पण वायर तुटलेली. लंगडी खेळताना कोणाच्या तरी हातात अडकून तुटली होती. डबीच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला होता आणि सगळ्या डबीला पोरांच्या हातांचा मळ लागला होता.

आज कळतं, तो मळ म्हणजेच योजना चालू असल्याचा पुरावा होता. ती मुलगी यंत्र घालून लंगडी खेळत होती. आणखी काय पाहिजे होतं मला?

मी शेरेबुक मागवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, वायर म्या नागपूरवरून मागवली हाय. चार-आठ दिवसांत येते." हा माणूस दुकानदाराच्या घरातला. वडिलांचं वडनेरच्या बाजूला किराणा दुकान, मोठे भाऊ ते चालवत. हा एकटा शिक्षक झाला होता. स्वभावानं गरीब आणि घाबरट. वस्तू जपायची सवय रक्तातच. त्याच्या टेबलावरच्या खडूच्या डब्यातसुद्धा खडू उभे रचलेले असत. अशा माणसाला काय लिहायचं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. सुंदर अक्षरात लिहिलं : "शासकीय साहित्याची अक्षम्य हयगय. मुख्याध्यापकांनी खुलासा सादर करावा. यापुढे यंत्राचे नुकसान झाल्यास त्यांना व्यक्तिशः जबाबदार धरून सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल." खाली सही, खाली शिक्का. चहा आला होता, तो पिऊन निघालो.

सेवापुस्तकात नोंद म्हणजे काय ते सरकारी माणसालाच कळेल. निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही ती.

पुढच्या वर्षी गेलो तर यंत्र पाहायला मिळालं ते कपाटात. मुख्याध्यापकांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पेढ्याचा पुडा द्यावा तसं खोकं माझ्यासमोर ठेवलं. कंपनीचं मूळ खोकं, आत कापूस, कापसात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं यंत्र. नवी वायर गोल गुंडाळून रबर लावलेली. टवका उडाला होता तिथं त्यांनी काहीतरी भरून घासूनपुसून सारखं केलं होतं. माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'वा'. मी लिहिलं : "श्रवणयंत्र अत्यंत सुस्थितीत. मुख्याध्यापक अभिनंदनास पात्र." एवढ्यावर थांबलो नाही. महिन्याच्या केंद्र संमेलनात, जिथं आजूबाजूच्या शाळांचे सगळे गुरुजी जमतात तिथं, मी त्यांना उभं केलं आणि म्हणालो, सरकारी वस्तू कशी जपावी हे यांच्याकडून शिका. टाळ्या वाजल्या. तालुक्यात अशी आणखी काही यंत्रं होती. त्यानंतर ती कुठं ठेवली गेली असतील, ते मी कधी विचारलं नाही.

मुलगी त्या दिवशी वर्गात होती का? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं. ती मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसली होती, छातीवर तो खिसा होता, आणि बाकीची पोरं ज्या वेळी पाढे म्हणत होती त्या वेळी ती त्यांच्या तोंडांकडे पाहून ओठ हलवत होती. मी हे पाहिलं आणि खोक्याकडे वळलो.

त्याच्या पुढच्याच वर्षी पत्र आलं. योजना तपासायला राज्याचं पथक येणार, आणि पाहायच्या शाळांत ही शाळा. ती यादीत कशी आली? मीच सुचवली होती. सुस्थितीतलं साहित्य दाखवायला दुसरी शाळा नव्हती माझ्याकडे.

आदल्या दिवशी तयारी पाहायला गेलो. अंगण झाडलेलं, भिंतींना नवा रंग, तक्ते टांगलेले. "यंत्र काढा आता," मी म्हणालो. मुलीला बोलावलं. ती एव्हाना तिसरीत होती, अंगानं चांगली वाढली होती. शर्ट नवा, पण खिसा तसाच मधोमध. मुख्याध्यापकांनी खिशाचं टिचबटण उघडलं तर आतून चिंचोके निघाले, लेखणीचा एक तुकडा निघाला आणि एक मोरपीस. ते सगळं टेबलावर ठेवून त्यांनी डबी आत सरकवली. डबीवरचं आवाज वाढवायचं चाक फिरवलं आणि यंत्र किंचाळलं. शिट्टीसारखा कर्कश आवाज. मुलीनं दोन्ही हातांनी कान दाबला. साचा सहा-सात वर्षांच्या कानाचा होता, कान आता मोठा झाला होता. साचा सैल बसला की आवाज बाहेर फुटतो आणि यंत्र शिट्ट्या मारतं. साचा दर वर्षी बदलायचा असतो हे शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं आणि माझ्या वहीत लिहूनही घेतलं होतं, चांगल्या अक्षरात.

"गुरुजी," मी म्हणालो, "हे पोरगी रोज घालत नाई काय?"

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "साहेब, तुमीच लिवलं होतं ना. मले तीन लेकरं हायेत. तिची माय दोनदा येऊन गेली, म्हणे घरी नेऊ द्या. म्या म्हटलं, बाई, सरकारी वस्तू हाय, तुटली त माही नोकरी जाईन." एवढं बोलून त्यांनी शेरेबुक माझ्यासमोर ठेवलं आणि ते पान उघडलं. पान शोधावं लागलं नाही. वही आपसूक तिथंच उघडली.

मला राग आला. खरं सांगतो, त्यांचाच राग आला. म्हटलं, अहो, मी जपा म्हटलं होतं, कोंडून ठेवा कुठं म्हटलं होतं? वेळ एका दिवसाचा होता. वर्ध्याला जाऊन नवा साचा करून आणणं शक्य नव्हतं. तेव्हा मीच उपाय सांगितला. चाक अगदी खाली आणा, म्हणजे शिट्टी वाजणार नाही. उद्यापुरतं घालू द्या.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. प्रमुख मॅडम पुण्याच्या होत्या, पन्नाशीच्या, साध्या. सरबताचे ग्लास बाजूला सारून त्या सरळ वर्गात जाऊन सतरंजीवर बसल्या. मला वाटलं होतं त्या नोंदवह्या मागतील. त्यांनी मुलीला मागितलं. तिच्याशी हसल्या, खिशाला हात लावून म्हणाल्या, "किती छान शिवलाय. आईनं?" आई दारातच उभी होती, शाळेत बोलावलं म्हणून धुतलेलं लुगडं नेसून आलेली. तिनं मान हलवली.

मग मॅडम मुलीच्या मागं गेल्या आणि टाळी वाजवली. मुलगी समोर पाहत होती. पुन्हा वाजवली, जोरात. पितळी ग्लासावर चमचा आपटला. मुलगी समोरच पाहत राहिली. माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा, ओळखीचं.

"यंत्र रोज घालते ना ही?" मॅडमनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं : नाही मॅडम. दोन वर्षं कपाटात होतं, चूक माझी आहे, साचा बदलून द्या, मुलीला ऐकू येतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं काय झालं असतं? मुख्याध्यापकांना नोटीस आली असती. माझ्यावर ठपका आला असता. त्या वर्षी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या बढतीच्या यादीत माझं नाव होतं, ते गेलं असतं. मी मुख्याध्यापकांना वाचवलं असं म्हणून पाहिलंय नंतर, पण ते काही मला पचत नाही.

"हो मॅडम, रोज," मी म्हणालो. "मी स्वतः दर भेटीत पाहतो."

मी दाराकडे पाहायला नको होतं, पण पाहिलं. आई माझ्याकडेच पाहत होती. ती एक शब्द बोलली असती तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. ती बोलली नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता. साहेब म्हणतात तर त्यात पोरीच्या भल्याचं काहीतरी असेल, अशा नजरेनं ती पाहत होती. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

महिनाभरानं अहवाल आला. मॅडमनी वाईट काही लिहिलं नव्हतं, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून लिहिलं होतं. दोन वर्षं नियमित वापर करूनही सदर विद्यार्थिनीस यंत्राचा लाभ होत नाही, सबब यंत्र परत घेऊन दुसऱ्या गरजू विद्यार्थ्यास द्यावं. पंधरा दिवसांत काय केलं ते कळवा.

पंधरा दिवस माझ्या हातात होते. दोन ओळी लिहिल्या असत्या तरी चाललं असतं. मी रोज कागद पुढं घ्यायचो. घरी बायकोनं विचारलं, काऊन जेवत नाई? तिलाही सांगितलं नाही. ती मला केळझरच्या गणपतीला घेऊन गेली, बढतीची काळजी लागली असेल म्हणून. मी हात जोडून उभा राहिलो आणि काय मागावं ते सुचेना. बाराव्या दिवशी लिहिलं, "अहवालाप्रमाणे कार्यवाही करण्यात येत आहे." आणि यंत्र आणायला गेलो.

मुख्याध्यापकांनी खोकं हातात दिलं. मी बाहेर आलो तर झाडाखाली मायलेकी उभ्या. कोणीतरी सांगितलं असावं.

"सायेब, मशीन काऊन नेऊन राह्यले?"

"दुरुस्तीले," मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं.

"मंग येईन ना वापस? चौथीच्या ड्रेसले बी खिसा शिवून ठेवला म्या."

"येईन," मी म्हणालो.

मुलगी माझ्या हातातल्या खोक्याकडे पाहत होती. तिनं दप्तरातून वही काढली, एक कोरं पान ओढलं, त्या रिकाम्या खिशाशी धरलं आणि हळूहळू फाडलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं, पण ती काय मागत होती ते मला कळलं. एसटीत तिच्या शेजारी मीच बसलो होतो. मी गाडीला किक मारली.

यंत्र दुसऱ्या कोणाला गेलं नाही. द्यायचं तर नवा साचा लागणार, त्याला पुन्हा शिबिर लागणार, पुन्हा पत्रव्यवहार. ते आमच्या कार्यालयाच्या कपाटात राहिलं. मुलगी चौथीनंतर घरी बसली, हे मुख्याध्यापकांनी एका बैठकीत सांगितलं, माझ्याकडे न पाहता. मला बढती मिळाली, बदलीही झाली. दुसऱ्याला पदभार द्यायला बसलो तेव्हा वस्तूंची यादी वाचता वाचता नवे साहेब त्या खोक्यावर थांबले.

"हे चालू आहे का?"

मी शिपायाला सेल आणायला पाठवलं. तो छोटा साचा माझ्या कानात जाणार नव्हता, म्हणून तो काढून वायरच्या टोकाचं नुसतं बटण कानाशी धरलं, डबी शर्टाच्या खिशात ठेवली आणि चाक थोडं फिरवलं. पंख्याचा आवाज आला, बाहेर कोणी चप्पल घासत गेलं त्याचा आला. टेबलावर एक जुना लिफाफा पडला होता. तो मी छातीशी धरून फाडला. एवढा मोठा आवाज झाला की मी दचकलो.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "चालू आहे."

त्यांनी यादीत लिहिलं, श्रवणयंत्र एक, सुस्थितीत. मी त्याखाली सही केली.